अकरा गावांचं संस्थान

गॉलवेत कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायचे, "देश सांभाळते." विचारणाऱ्याला वाटे, बाई थट्टा करतेय. तिथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत सगळ्यांची कामं एका शब्दात सांगता येण्यासारखी. कोणी हॉस्पिटलात डॉक्टर, कोणी सॉफ्टवेअरमध्ये. माझं काम सांगायला लागले की ऐकणारीच्या हातातला मोदक गार व्हायचा. म्हणून ते छोटं उत्तर मी तयार ठेवलं होतं, आणि तसं बघितलं तर ते खरंही होतं.

आमची कंपनी श्वासाची यंत्रं बनवायची. ज्यांचे छातीचे स्नायू दमलेले असतात अशा लोकांनी घरी लावायची. चार पुडांच्या डब्याएवढी पेटी, तिला नळी, नळीला मास्क, आणि वीज गेली तर काही तास चालावं म्हणून आत बॅटरी. ही यंत्रं गॉलवेहून जगभर जात. आता प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. प्लग निराळा, माहितीपत्रकाची भाषा निराळी, कुठल्या सरकारी खात्याला कळवायचं ते निराळं. आणि यंत्रात खोट निघालीच, तर ते वापरणाऱ्या माणसांपर्यंत पत्र कसं पोचवायचं तेही निराळं. हे सगळं एका यादीत असे. एका देशाला एक ओळ. २०१४ ते २०१९ ही यादी माझ्या ताब्यात होती. त्या यादीतून बाकीचे कॉम्प्युटर आपापली माहिती उचलायचे, त्यामुळे माझी एक चूक एकाच वेळी पंचवीस ठिकाणी उमटायची. एकदा एस्टोनियाला फिनलंडची माहितीपत्रकं गेली होती. तिथल्या नर्सने लिहिलं, "अर्धं समजलं, उरलेल्या अर्ध्यावर दिवसभर हसलो. आता आमची पाठवा." अशा चुका हसण्यावारी जात, आणि मला वाटायचं की चुका अशाच असतात.

तर या यादीत लिक्टेनस्टाइन नावाची एक ओळ होती. सुरुवातीला मला ते नाव एका दमात म्हणता येत नव्हतं.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधल्या चिमटीत हा देश आहे. एकशेसाठ चौरस किलोमीटर. आमचा भोर तालुका याच्या कितीतरी पट मोठा. वस्ती चाळीस हजारांच्या आत. एका बाजूला ऱ्हाइन नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या पट्टीत आणि उतारावर मिळून अकरा गावं. समुद्र नाही, आणि शेजाऱ्यांनाही नाही. समुद्र बघायचा तर दोन देश ओलांडावे लागतात. विमानतळ नाही, सैन्य नाही. राजधानीवर डोंगरात किल्ला, किल्ल्यात राजघराणं. आपल्याला वाटतं, युरोपातले राजे म्हणजे शोभेचे. हा तसा नाही. पंचवीस जणांच्या विधिमंडळाने केलेला कायदा तो अडवू शकतो. पण त्यांच्याच घटनेत असंही लिहिलंय की एखाद्या गावाला नकोसं झालं, तर ते गाव मतदान घेऊन देशातून बाहेर पडू शकतं. अकरातल्या कुठल्याही गावाने अजून तसं केलेलं नाही.

बाहेर त्यांचं नाव बँकांमुळे झालेलं, पण देश पोसतात कारखाने. भिंतीला भोकं पाडायची यंत्रं आणि माणसांचे खोटे दात. रोज सकाळी शेजारच्या दोन देशांतून हजारो माणसं तिथे कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात जेवायला जातात. माझ्या ओळीची पंचाईत वेगळीच होती. यांचं चलन स्विस, जकात स्विसांबरोबर, पिनकोडही स्विसांच्याच मालिकेतले. पण यंत्रांचे कायदे युरोपचे, कारण हा देश युरोपीय संघात नसला तरी त्याच्या आर्थिक क्षेत्रात आहे आणि स्वित्झर्लंड तिथेही नाही. थोडक्यात, खोकं स्विस वाटेने जाणार आणि कागद आयर्लंडसारखे लागणार. माझ्या यादीतली सगळ्यात लांब टीप याच ओळीला होती. ती लिहायला मला आठवडा लागला होता, आणि खोटं कशाला बोलू, तिचा मला अभिमान होता.

ती टीप ज्यांच्याकडून समजून घेतली त्या फ्राउ बेक, म्हणजे आपल्याकडच्या बेकबाई. बाल्झर्स नावाच्या गावात त्यांचं आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं वैद्यकीय सामानाचं दुकान. आमच्या यंत्रांच्या त्या देशातल्या एकमेव विक्रेत्या. साऱ्या देशात आमची चौदा यंत्रं होती, आणि त्या चौदा जणांना फ्राउ बेक 'माझी माणसं' म्हणत. आम्ही एखादी सूचना पाठवली की त्या ती छापून घेत, बसने गावोगाव जात, घरात बसून वाचून दाखवत आणि सही घेत. असं करा म्हणून कंपनीने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा.

"फ्राउ बांदल, माझी ओळ ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"आम्ही स्विस नाही, हे लिहिलेलं आहे ना?"

"लिहिलंय, फ्राउ बेक. ठळक अक्षरांत."

एकदा मी गमतीने म्हटलं, एवढी काळजी कसली करता? तर म्हणाल्या, "आमच्याकडे बायकांना मत मिळालं एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली. मी एकतीस वर्षांची होते. यादीत नाव नसणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे." त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही. दर पंधरा ऑगस्टला त्यांची मेल यायची, कारण त्यांचा राष्ट्रीय दिवसही तोच. त्या दिवशी लोक किल्ल्याच्या बागेत जमतात, राजघराणं सगळ्यांना बिअर पाजतं. "तुम्हीही या एकदा," असं त्या दरवर्षी लिहीत, आणि मी दरवर्षी "नक्की" लिही.

सोळा साली माझे बाबा गॉलवेला आले. जन्मभर भोरमध्ये शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. तिथे पावसामुळे दिवसदिवस घरात बसून राहायची पाळी, म्हणून मी त्यांना माझ्या देशांच्या गोष्टी सांगायचे. लिक्टेनस्टाइनवर ते खूश झाले.

"अगं, हे तर आपलं भोर की! राजा हाय, किल्ला हाय, मागं डोंगर, पुढं नदी. संस्थान म्हन की सरळ."

"हो, पण हे अजून चालू आहे."

"मग संभाळ त्याला नीट. आपलं इलीन झालं तवा माझं वडील सांगायचे, पैलं गाऱ्हानं घिऊन चालत वाड्यावर जायचं. मग पुन्याला जायला लागलं. आन पुन्यात इचारायचे, भोर? ते कुठं आलं?"

बाबा हसले, मीही हसले. हसलो ते, गॉलवेत मला सगळे मुंबईची समजतात यावरून. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचे. "नाही, भोर. पुण्याच्या दक्षिणेला." मग पुणंही कोणाला माहीत नसे, तेव्हा "मुंबईजवळ" म्हणायचे. शेवटी शेवटी कोणी "ही मुंबईची" म्हणून ओळख करून दिली की मी मान हलवून मोकळी व्हायचे. कोण रोज नकाशा काढत बसणार?

पुढच्या वर्षी कंपनीने नवीन सिस्टिम घेतली. जुन्या सिस्टिममधलं सगळं तिकडे हलवायचं, आणि हलवताना कमी करायचं, असा हुकूम. नियम ठरला, ज्या देशात पन्नासपेक्षा कमी यंत्रं आहेत तो शेजारच्या देशात घालायचा. बैठक आमचा मॅनेजर डेक्लन चालवत होता. भला माणूस. वेबसाइटवर आयर्लंड ब्रिटनच्या पोटात दाखवला की याच्या कानातून वाफ यायची. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये तो गवत कापायच्या यंत्राचं पातं मागवायला बसला होता आणि ओरडला होता, "शंभर वर्षं होत आली आम्हाला सुटून, आणि युअर मॅन इथे अजून लिहितोय, युनायटेड किंगडम, आयर्लंडसह!" 'युअर मॅन' म्हणजे तिकडच्या बोलीत 'हा पठ्ठ्या'. बैठकीत त्यानेच विचारलं, "लिक्टेनस्टाइन, चौदा यंत्रं. स्वित्झर्लंडमध्ये घालू या, ग्रँड?" 'ठीक आहे'ला तिकडे ग्रँड म्हणतात.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळ माझी होती. माझी ती लांबलचक टीप माझ्यासमोर उघडी होती. मी ती वाचून दाखवायला हवी होती. पण मागे अजून तीस देश रांगेत होते, शुक्रवारची दुपार होती, आणि एवढ्या चिमुकल्या देशासाठी हटून बसलं तर आपण हट्टी दिसू असं मला वाटलं. मी म्हणाले, "ग्रँड."

फ्राउ बेकना कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यांचा करार संपला, यापुढे सगळं झ्युरिकच्या ऑफिसातून होणार. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "मी पासष्टीला टेकलेय, मला दुकानाचं एवढं काही नाही. पण माझ्या माणसांना कोण बघणार?"

"यादी बघेल," मी म्हणाले. "तेच तर माझं काम आहे."

हे वाक्य मी अगदी मनापासून बोलले होते.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, पण अवघड नाही. स्विस पत्त्यात कँटन, म्हणजे त्यांचा प्रांत, लिहावा लागतो. लिक्टेनस्टाइनच्या गावांना कँटन कुठून असणार? ती जागा रिकामी राहिली. आणि नव्या सिस्टिमची रीत अशी की पत्त्यात एखादी जागा रिकामी असली की पत्र छापायचं नाही, ते नाव एका वेगळ्या फाइलमध्ये टाकायचं. त्या फाइलला आम्ही 'उरलेले' म्हणायचो. ती दर शुक्रवारी माझ्याकडे यायची. उघडून बघणं माझं काम. पण तिच्यात इतका कचरा असे, बंद पडलेली हॉस्पिटलं, चाचणीसाठी घातलेली खोटी नावं, की मी ती एका आठवड्याआड बघू लागले, मग महिन्याने.

अठरा सालच्या हिवाळ्याच्या शेवटी यंत्रात खोट सापडली. बॅटरी संपत आली की जी शिट्टी वाजायला हवी, ती काही यंत्रांत वाजतच नव्हती. पत्र तयार झालं. वीज गेली तर यंत्रावर विसंबून राहू नका, जवळ कोणीतरी बसा, नवी पेटी येईपर्यंत असं करा. चौदा भाषांतलं हे पत्र मी दोन दिवसांत तपासून दिलं. सगळे माझं कौतुक करत होते. पत्रं निघाली त्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. फ्राउ बेक. दुकान बंद करूनही त्यांचा फोन महिन्याच्या महिन्याला यायचा, फक्त आता त्या आधी माफी मागायच्या.

"फ्राउ बांदल, त्रास देते. पलीकडे ऑस्ट्रियात, फेल्डकिर्खच्या हॉस्पिटलातली एक मुलगी म्हणत होती, यंत्राबद्दल काही पत्र आहे. माझ्या माणसांना मिळालं का?"

फाइल समोर होती. नुकतीच आलेली, न उघडलेली. ती उघडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

"हो, हो," मी म्हणाले. "सगळ्यांना गेलंय."

"नक्की? नाहीतर मी जाते. बस आहे, मला काय काम असतं आता?"

"नको, नको. बर्फात कशाला? सगळं ग्रँड आहे."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा सुस्कारा मला इकडे ऐकू आला.

मी खोटं बोलले का? तेव्हा मला तसं वाटलं नाही. पत्रं गेली होती, म्हणजे त्यांचीही गेली असणार, असं मी धरून चालले. पण माहीत नसताना 'हो' म्हणणं याला खोटं नाही तर काय म्हणायचं, हे मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

दोन आठवड्यांनी त्या भागात फॉन सुटला. फॉन म्हणजे आल्प्सच्या पलीकडून उतरणारा उष्ण सोसाट्याचा वारा. छपरं उडतात, झाडं पडतात. ट्रीसेनबर्ग नावाच्या उतारावरच्या गावात झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. तिथे गास्नर नावाचे गृहस्थ होते. जन्मभर चीज बनवायचं काम केलेले, चर्चच्या गायकवृंदात फ्राउ बेकच्या शेजारी उभे राहून गाणारे. सकाळी दहाची वेळ. मास्क लावून ते पडले होते, यंत्र बॅटरीवर चालत होतं. बायको वाऱ्याने उघडलेलं कोंबड्यांचं खुराडं बांधायला मागच्या अंगणात गेली. शिट्टी वाजेल, या भरवशावर. शिट्टी वाजली नाही.

ते वाचले. पण मेंदूला हवा कमी पडली ती पडलीच. बोलणं गेलं, माणसं ओळखेनात.

चौकशी झाली. उरलेल्यांच्या फाइलमध्ये चौदाच्या चौदा नावं ओळीने होती. तेरा जणांच्या घरची वीज गेली नाही म्हणून ते बचावले. अहवालात लिहिलं गेलं, अपवाद-यादीवर वेळेत कार्यवाही झाली नाही. कोणी केली नाही, ते लिहिलेलं नव्हतं. तिथे तशी पद्धतच आहे, माणसाला दोष द्यायचा नाही, प्रक्रिया सुधारायची. पद्धत चांगली आहे, मी स्वतः ती नव्या मुलांना शिकवली आहे. पण त्या दिवशी कोणीतरी मला टेबलावर हात आपटून विचारावं असं मला फार वाटत होतं. डेक्लनला मी त्या फोनबद्दल सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या एकटीवर नको घेऊस. नियम मी मांडला होता." चहा करून आणला त्याने.

फ्राउ बेकना मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं, फाइल समोर होती हेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी गेले नाही."

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पंधरा ऑगस्टला मेल आली नाही.

लिक्टेनस्टाइनची ओळ मी परत घातली. या वेळी मात्र भांडून, आणि आणखी एकोणीस छोट्या देशांच्या ओळी सोबत घेऊन. उरलेल्यांची फाइल रोज उघडायचा नियम केला. कंपनीने मला त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते मी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कपाटात, वरणाच्या डाळीमागे ठेवलं. घर सोडताना ते तिथेच राहिलं.

एकोणीस साली भारतात परतायचं ठरलं, तेव्हा मी फ्राउ बेकना पत्र लिहिलं. हाताने, कागदावर. यायचं आहे, तुम्ही नको म्हणालात तरी समजेन. उलट टपाली एक ओळ आली: "बसस्टॉपवर उभी राहीन." व्हिसासाठी डब्लिनला गेले तर कळलं, त्या देशाचा व्हिसाही स्विस वकिलातच देते. माझ्या टिपेत एवढं राहिलं होतं.

त्या माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगण्या निघाल्या. पांढरे केस, रेनकोट, खांद्याला पिशवी. हात पुढे केला, हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ट्रीसेनबर्गची बस घाटासारखी वळणं घेत चढत होती आणि त्या खिडकीतून एकेक गाव दाखवत होत्या. हे ट्रीसेन, ते पलीकडे माझं बाल्झर्स, तो किल्ला. कारखाने सुटायची वेळ होती. खालच्या रस्त्यावर स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. मी जे बोलायचं म्हणून वर्षभर घोकलं होतं, ते बसमध्ये बोलायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते तिथे बोला. माझ्याशी नको."

गास्नर आता वृद्धाश्रमात होते. खिडकीशी खुर्चीत, मांडीवर शाल. बाजूला आमची नवी पेटी मंद घरघरत होती. त्यांच्या पत्नी शेजारी विणत बसल्या होत्या. मी जे बोलायचं ते बोलले आणि फ्राउ बेकनी ते जर्मनमध्ये सांगितलं. फाइल, फोन, सगळं. काही गाळलं नसावं, कारण सांगायला त्यांनाही माझ्याइतकाच वेळ लागला. पत्नीने विणकाम खाली ठेवलं. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, कोंबड्यांना अर्ध्या तासाने बांधलं असतं तरी चाललं असतं. एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्याची शाल सारखी केली. मी तिथे रडले. मला अडवता आलं नाही.

निघताना दाराशी भेटीला येणाऱ्यांची वही होती. नाव, सही आणि गाव, असे रकाने. फ्राउ बेकनी आपलं लिहिलं. मी नाव लिहिलं, सही केली, आणि सवयीने गावाच्या रकान्यात 'आयर्लंड' लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं.

"हे गाव आहे?"

मी खोडलं आणि 'मुंबई' लिहिलं.

"तुम्ही मुंबईच्या?"

"नाही. पण जवळच... म्हणजे तसं जवळ नाही."

फ्राउ बेकनी माझ्या हातातलं पेन घेतलं, 'मुंबई'वर नीट एक रेघ मारली आणि पेन मला परत दिलं.

"खरं गाव लिहा, फ्राउ बांदल," त्या म्हणाल्या. "काही झालं, तर आम्ही तुम्हाला शोधायचं कुठे?"

रकान्यात आता जागा उरली नव्हती. मी समासात, बारीक अक्षरांत, भोर लिहिलं.